पंप कोरडा चालवू नये

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला फाडून खाल. वाईट नव्हता, पण बोलायचा फार. गल्लीत सगळे त्याला प्रेशरकाका म्हणायचे, कारण जगातली कुठलीही गोष्ट त्याच्या मते प्रेशरमुळे व्हायची. शेजारणीचं दूध उतू गेलं, प्रेशर. समोरच्यांच्या पोराला परीक्षेत चक्कर आली, प्रेशर. मुलाचं आणि सुनेचं वाजलं की काका पेपरातून डोकं वर काढून म्हणणार, "वाफ जायला वाट ठेवा रे, नाहीतर झाकण उडेल." त्यावर दोघंही हसायची आणि भांडण तिथंच मिटायचं. तेव्हा काकांच्या बडबडीचा उपयोगच नव्हता असं नाही.

उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेलेली. टेकडीच्या पायथ्याला ते पंपघर, आत फिकट हिरव्या रंगाचे तीन पंप, आणि फरशी अशी की खुशाल ताट मांडून जेवावं. काका पंपावर तळहात ठेवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, बेअरिंग गेलंय की कुठून हवा शिरतेय. नदीचं पाणी उचलून टेकडीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकीतून सगळ्या गावाला सोडायचं, हे काम. भिंतीवर काकांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहून ठेवलं होतं, "पंप कोरडा चालवू नये." पाण्यावाचून फिरणारा पंप आतल्या आत तापतो आणि बघता बघता जळून जातो. नव्या माणसाला काका पहिल्या दिवशी त्या भिंतीसमोर उभं करायचे आणि ते वाक्य मोठ्याने वाचायला लावायचे.

एक गोष्ट मात्र हा बोलका माणूस कधीच बोलला नाही. टेकडीच्या पंपघरात येण्याआधी, ऐन तरुणपणात, तो गावाच्या खालच्या टोकाला मैलाकेंद्रात होता. गावभरचं घाण पाणी गटारांतून उतरून तिथल्या खोल विहिरीत जमायचं आणि पंपाने उपसून पुढे ढकलायचं. काम तेच, पंपाचंच. पण ते सांगायची काकांची छाती झाली नाही. लग्न जमवताना मुलीकडच्यांना सांगितलं, "पाण्याच्या खात्यात आहे." खोटं नव्हतं, खातं एकच होतं. पुढे मुलाने शाळेत बाबा काय करतात ते सांगितलं, "गावाला पाणी देतात," तेव्हा काका असे काही फुगले, की स्वतःलासुद्धा ते पहिल्यापासून तेच करत होते असं वाटायला लागलं.

आता बायकोपासून असलं काही लपतं का? काका तिकडेच साबण लावलावून अंघोळ करून घरी यायचे, कामाचे कपडे पिशवीत गुंडाळलेले. बायको ती पिशवी हातातून घ्यायची, कपडे वेगळ्या बादलीत, कढत पाण्यात टाकायची आणि पुढच्या दोरीवर न वाळवता मागच्या बाजूला वाळवायची. एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाईंना नाही सांगितलं, माहेरी नाही, पोराला तर नाहीच. काकांना वाटायचं, हिला कळलंच नसावं. पुरुषांना असल्या बाबतीत सोयीचं तेवढंच वाटतं.

तर त्या बायकोचं हृदय थकलं.

आधी जिना चढताना दम लागायला लागला. मग पावलांवर सूज आली. अंगठ्याने दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. रात्री उशाला एक उशी पुरायची तिथं तीन लागायला लागल्या. रक्तदाब जुनाच होता, गोळी कधी घ्यायची कधी विसरायची, असा तिचा कारभार. मुलगा दोघांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. त्यांनी टेबलावरचं प्लास्टिकचं हृदय उघडून दाखवलं. "हा एक पंप आहे, काका."

झालं! या एका वाक्याने काका खुर्चीत पुढे सरकले. आजारी बायको बाजूला राहिली, आणि यांच्या डोळ्यांत दिवाळखोराला खजिना सापडल्यासारखी चमक.

"खरं म्हणजे दोन पंप, एकाला एक चिकटलेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजव्या बाजूचा अंगातून परत आलेलं रक्त फुप्फुसांत ढकलतो. तिथं त्याला ताजी हवा मिळते. मग ते डाव्या बाजूला येतं, आणि डावा पंप ते डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे पाठवतो. आत चार झडपा. रक्त पुढे जाऊ देतात, मागे येऊ देत नाहीत."

"नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह!" काका ओरडलेच.

"अगदी बरोबर. आणि नळ्या आपल्या लोखंडी नळांसारख्या नसतात हं. जिवंत असतात. जिथं गरज, तिथं सैल होतात, बाकीच्या ठिकाणी आवळतात. आपण जेवलो की पोटाकडच्या मोकळ्या, धावलो की पायांच्या."

"म्हणजे एकेका भागाला पाणी सोडायचं," काका मुलाकडे वळून म्हणाले. "आम्ही हेच करायचो, हेच!"

पुढचं मात्र काकांनी अर्ध्याच कानाने ऐकलं. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की डावा पंप अशक्त झालाय, अंगात पाणी साठतंय, म्हणून लघवी होण्याची गोळी, मीठ जवळजवळ बंद, आणि पाणी दिवसाला मोजून. चहा, सूप, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. ते सगळं ऐकलं सुनेने. काकांच्या कानात एवढंच राहिलं, पंप अशक्त झालाय. घरी येईपर्यंत त्यांनी ते रिक्षावाल्याला, खालच्या दुकानदाराला आणि समोरच्या शिंप्याला समजावून सांगितलं होतं.

सून कमी बोलणारी. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होती. सासूचं दुखणं निघालं तसं तिने तिथं अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने एक काचेची बाटली आणली, तिला कारखान्यातलं लाल रबर चढवलं आणि रबरापर्यंत पाणी भरून सासूच्या उशाशी ठेवली. "आई, दिवसभराचं एवढंच हं. चहा केला की त्यातून तेवढं मी कमी करणार." ती खरंच करायची. चहाचा कप आधी पाण्याने मोजायची, तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायची, आणि मग चहा. सासूबाई सुरुवातीला हसायच्या, "बाई गं, तुला जेलर करायला हवं होतं!"

मग हसणं कमी झालं. तहान फार वाईट हो. जेवण आळणी, तोंडाला चव नाही, आणि जीभ टाळूला चिकटलेली. सून बर्फाचा खडा द्यायची, लिंबाची फोड चोखायला द्यायची. सासूबाई बाटलीकडे बघायच्या, उचलायच्या, रबराच्या किती खाली गेलंय ते बघून परत ठेवायच्या.

हे काकांना बघवेना. ज्याने सगळ्या गावाला पाणी पाजलं, त्याच्या घरात बायकोने घोट मोजावे? आणि त्यांच्या हिशेबात ते बसतही नव्हतं. पंप अशक्त आहे ना? मग त्याचं पाणी तोडता? अशाने तो जळेल की राहील? भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेलं ते वाक्य डोळ्यांसमोरून हलेना. एकदा जेवताना ते सुनेला बोलले. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढं करू या. तुम्हाला शंका असली तर पुढच्या वेळी विचारा त्यांना."

काकांना ते झोंबलं. काल आलेली पोर आपल्याला पंप शिकवते! आणि तोंडातून जायला नको ते गेलं. "तुझ्या स्वतःच्या आईला अशी तहानेली ठेवली असतीस का गं?"

सुनेचा घास हातातच राहिला. तिची आई तिच्या लहानपणीच गेली होती, हे काकांना माहीत होतं. बोलल्यावर आठवलं, पण शब्द परत घेण्याची त्यांना सवय नव्हती. ती उठली, ताट उचललं, आणि भांडी घासायला लागली. मुलगा घरी नव्हता. बायको आतून म्हणाली, "अहो, काय बोललात हे?" काका म्हणाले, "खरं तेच बोललो."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा उद्योग सुरू झाला. सून कारखान्यात गेली की काका स्टीलचा जग गार पाण्याने भरायचे आणि बायकोजवळ बसायचे.

"नको हो. त्या पोरीला कळलं तर वाईट वाटेल तिला."

"कळतंय कशाला? पी तू. मी सांगतो ना! पंप कोरडा ठेवायचा नसतो."

ती प्यायची. तहानलेल्या माणसाला आग्रह किती लागणार? पिऊन झालं की डोळे मिटून सुस्कारा सोडायची, आणि घटकाभर तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा. काका तो चेहरा बघून मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंचे कान उपटायचे. बाटलीतलं पाणी जिथल्या तिथं. सून घरी आली की बाटली बघायची, रबर बघायची आणि समाधानाने मान हलवायची.

पण रोज सकाळी ती सासूला वजनकाट्यावर उभं करायची, आणि काटा वर सरकत होता. सूज घोट्यावरून पोटरीवर आली. सून चक्रावून गेली. कुठं चुकतंय तेच तिला कळेना. तिने डब्यातली बिस्किटं टाकून दिली, पावात मीठ असतं म्हणून पाव बंद केला, मग दुपारचा चहा बंद केला. म्हणून सासूबाईंना तहान आणखी. म्हणून काकांचा जग आणखी. मुलगा चिडायला लागला, "अगं, तू मोजतेस ना नीट? मग सूज उतरत कशी नाही?" ती म्हणायची, "मोजते हो." आणि परत एकदा मोजायची. काका पेपरामागे बसून ऐकायचे. तरी त्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही. त्यांना वाटत होतं, बघा, पाणी देऊनसुद्धा ही गत, न देता काय झालं असतं!

मग ती दुपार आली. जगमधलं पाणी संपवून बायको आडवी झाली, आणि थोड्याच वेळात खोकत उठून बसली. खोकला थांबेना. पाय पलंगाखाली सोडून, दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून ती श्वास ओढत होती, आणि छातीतून आवाज येत होता, बुडबुडे फुटल्यासारखा. ओठांवर फेस.  "अहो... हवा..." एवढंच ती म्हणाली.

काकांनी रुग्णवाहिकेला फोन केला, मुलाला केला, सुनेला केला.  आणि मग त्यांनी जे केलं, ते आठवलं की पुढे त्यांना घास उतरत नसे. बायको तिकडे हवेसाठी तडफडतेय, आणि हे स्वयंपाकघरात गेले, जग घेतला, धुतला आणि ओट्यावर पालथा घालून ठेवला. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. त्यांचे हात आपोआप गेले. जग धुताना त्यांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला आपण काय केलंय ते ठाऊक आहे.

सून आणि रुग्णवाहिका एकदमच पोचल्या. सून आत जाऊन सासूची कागदपत्रं आणि चादर घेऊन आली. स्वयंपाकघरावरून जाताना ती क्षणभर थांबली होती. काकांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दवाखान्यात नाकाला प्राणवायू, हाताला सुई, पाणी उतरवायचं इंजेक्शन. जीव टांगणीला लावून तिघं बाहेरच्या बाकावर बसली. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"फुप्फुसांत पाणी भरलंय. आता श्वास जरा बरा आहे, पण धोका टळला असं म्हणणार नाही. मला एक नक्की सांगा, पाणी किती जात होतं? कोण बघत होतं?"

"मी," सून म्हणाली. "तुम्ही सांगितलं तेवढंच. बाटलीतून मोजून."

"त्याच्या वर अजिबात नाही?"

"माझ्या हातून नाही."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. "एवढं कमी पाणी देऊनही भरत असेल, तर हृदय माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त खचलंय. मग मला जोरदार औषधं सुरू करावी लागतील. ती मूत्रपिंडांना जड जातात. उगाच द्यायची नाहीत मला. म्हणून विचारतेय."

मुलगा एकदम बायकोवर उसळला. "नीट आठव! एवढं एकच काम होतं तुझ्याकडे. अर्धा दिवस घरी असतेस ना तू? मग?"

 सुनेने नवऱ्याकडे बघितलं नाही. काकांकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं, आणि नजर तशीच ठेवली. काकांनी आपल्या चपलांकडे बघितलं. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता, तो शिवणीचा दोरा त्यांनी इतका निरखून कधी पाहिला नव्हता. बोल, बोल, असं आतून कुणी ढोसत होतं, आणि हा आयुष्यभर तोंडाला झाकण नसलेला माणूस मूग गिळून बसला होता.

मग आत बोलावलं. बायको उशांना टेकून बसली होती. पांढरीफटक, पण शुद्धीत. तिने बाहेरचं ऐकलं असावं. दार अर्धवट उघडंच होतं. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधीच ती तुटक तुटक म्हणाली, "पोरीला... बोलू नका. मीच प्यायले. चोरून."

"कधी? किती?"

"ही कामाला गेली की. स्वयंपाकघरात जाऊन. थोडं थोडं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं. पलंगावरून उतरायला आधार लागणारी ही बाई स्वयंपाकघरात जाऊन चोरून पाणी पिणार? "थोडं म्हणजे? एक पेला? दोन? मला खरं कळायला हवं हो आई, औषध त्याच्यावर ठरायचंय."

बायकोने डोळे मिटून घेतले. तिने कधी मोजलं नव्हतं. ओतणारा दुसरा होता.

डॉक्टरीणबाई मुलाला समजावायला लागल्या. "हे बघा, हा पंप रिकामा पडून बंद पडत नाहीये. नेमकं उलट होतंय. डाव्या पंपाला पुढे ढकलता येत नाही, म्हणून येणारं रक्त त्याच्या पाठीमागे तुंबतं. पाठीमागे काय आहे? फुप्फुसं. तिथं दाब वाढला की रक्तातलं पाणी पाझरून हवेच्या जागेत शिरतं. मग उजवा पंपही दमतो, आणि त्याच्या मागचं सगळं अंग तुंबतं, पाय सुजतात. वरून आणखी पाणी आलं की..."

वरून आणखी पाणी आलं की!  काकांच्या डोळ्यांसमोरून टेकडीचं पंपघर, हिरवे पंप, लाल अक्षरं, सगळं पुसून गेलं, आणि समोर उभी राहिली ती मैलाकेंद्राची विहीर. एकदा पावसाळ्यात तिथला पंप दमला होता. बंद पडला नव्हता, फिरत होता, पण जोर नव्हता. विहीर चढत चढत काठाला आली, आणि मग गटारांतून उलटी फिरून खालच्या वस्तीतल्या लोकांच्या मोऱ्यांतून वर आली. बायका लेकरांना कडेवर घेऊन बाहेर पळाल्या होत्या. तरुण काका कमरेएवढ्या त्या घाणीत उतरले होते, आणि सगळ्यात आधी काय केलं होतं? वरून येणारं बंद केलं होतं. विहिरीत येणाऱ्या गटाराचा लोखंडी दरवाजा चाकाने आवळून आवळून हाताची सालटी निघाली होती. पंपाला हात नंतर लावला. हे त्यांना ठाऊक होतं! लहान पोराला कळावं इतकं साधं, आणि स्वतःच्या हातांनी केलेलं. पण ती विहीर त्यांनी इतकी वर्षं कुणाला दिसू नये म्हणून झाकली, की वेळेला त्यांची त्यांनाच दिसली नाही.

"मी पाजलं," काका म्हणाले.

आवाज इतका बारीक, की डॉक्टरीणबाईंनी "काय?" म्हणून विचारलं, आणि सगळ्यात कठीण वाक्य दुसऱ्यांदा बोलावं लागलं.

"मी पाजलं पाणी. रोज दुपारी. सून गेली की. स्टीलचा जग आहे घरी, मोठा, तो भरून. अलीकडे दुसऱ्यांदाही भरायचो. ही नको म्हणायची. हिने चोरून काही केलं नाही. सुनेची काही चूक नाही. मीच."

"बाबा!" मुलगा म्हणाला. "तुम्ही? पण का?"

"पंप कोरडा पडेल असं वाटलं. मला पाण्याचाच पंप दिसला." काकांनी मुलाकडे बघितलं. "दुसरा पंप मी चालवलाय. टेकडीवर यायच्या आधी मी मैलाकेंद्रात होतो. गावाची घाण उपसायचो. तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. लाज वाटायची. तिथं हे असंच होतं, या म्हणतात तसंच. पंप दमला की मागे तुंबतं. मला माहीत होतं रे. मला सगळं माहीत होतं."

मुलगा तोंडाकडे बघत राहिला. आत्ताच बायकोला काय बोललो ते आठवून त्याचीही मान खाली गेली. डॉक्टरीणबाईंनी जग केवढा, कधीपासून, ते सगळं विचारून घेतलं. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "म्हणजे ती जड औषधं लागणार नाहीत. निदान आत्ता तरी. हे सांगितलंत ते बरं केलंत, काका." मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "आणि एक सांगते. शरीरसुद्धा हीच चूक करतं. हृदयाचा जोर कमी झाला की मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचतं. त्यांना वाटतं, पाणीच कमी आहे. मग ती पाणी धरून ठेवतात, आणि तहान लावतात. तुम्ही एकटेच फसला नाहीत."

चांगल्या मनाने बोलल्या बिचाऱ्या. पण मूत्रपिंडांनी जग धुऊन पालथा घातला नव्हता. काकांना त्या बोलण्याने हलकं वाटलं नाही.

मुलगा औषधं आणायला खाली गेला. खोलीत तिघंच राहिली. काका सुनेकडे न बघता म्हणाले, "पोरी, मघाशी बाहेर मी बोलायला हवं होतं. तो तुझ्यावर ओरडत होता तेव्हा."

"हो," सून म्हणाली.

"आणि त्या दिवशी तुझ्या आईवरून बोललो, तेही..."

"जग ओला होता, बाबा." तिचा आवाज चढला नाही. "ओट्यावर पालथा. मी सकाळी निघताना तो कोरडा, फडताळात होता. चादर घ्यायला गेले तेव्हाच कळलं मला."

काकांना वाटलं, आत्ता ही फरशी दुभंगेल तर बरं. "मग बोलली का नाहीस? एवढं ऐकून घेतलंस!"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

एवढं बोलून ती पिशवीपाशी गेली. घरून येताना तिने ती काचेची बाटलीसुद्धा घेतली होती, रबरासकट. नर्सला विचारून तिने रबर आणखी खाली सरकवलं, तेवढंच पाणी भरलं आणि बाटली काकांच्या हातात दिली. "आजपासून हे तुम्ही द्यायचं. मी बघणार नाही." आणि ती नवऱ्याला शोधायला बाहेर गेली.

बायकोने डोळे उघडले. "कशाला सांगितलंत? मी घेतलं होतं ना अंगावर." दोन शब्दांमध्ये ती श्वास घेत होती. "ते कपडे मी इतकी वर्षं मागच्या दोरीवर वाळवले. हेही झाकलं असतं."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. काकांना तिच्याकडे बघवेना. आपली लाज आपण लपवली असं ते समजत होते, आणि ती कढत पाण्यात हात घालून, कुणाला वास येणार नाही अशा जागी ती वाळवत आली होती. आजसुद्धा, श्वास पुरत नसताना, तिने आधी तेच केलं होतं.

"अहो," ती म्हणाली. ओठ कोरडे, भेगा पडलेले. "घोटभर द्या ना. आता तर कुणी नाही."

काकांनी बाटली वर धरून बघितली. सकाळपर्यंत पुरवायचं होतं. हात पुढे जायला निघाला, आणि त्यांनी तो मागे घेतला. "नाही," ते म्हणाले. "गोळीच्या वेळी देईन." त्यांनी कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला. ती तो दातांत धरून चोखायला बघत होती. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला.

"आले मोठे... नळ बंद करणारे," ती पुटपुटली, आणि रागाने की दमून, तोंड भिंतीकडे फिरवलं.

यावर प्रेशरकाकांकडे एरवी दहा उत्तरं असती. ते स्टुलावर बसून राहिले, बाटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून, अंगठा रबरावर. सून आणि मुलगा परत आले तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. फक्त बाटली जरा पुढे केली, पाणी रबराला टेकलेलं तिला दिसावं म्हणून.